चहा गार झाला!



गेल्या महिन्यात फोडणी आणि स्मोक अलार्मच्या वैराबद्दल लिहिलं, त्यावर बऱ्याच जणांची पत्रं आली. त्यातल्या तिघांची एकच फर्माईश, "आता उन्हाळा आहे, काहीतरी गार लिही." पन्हं, कोकम सरबत, मठ्ठा यावर लिहायला आपल्यात माझ्यापेक्षा खूप अधिकारी माणसं आहेत. म्हणून मी जे पेय गेली काही वर्षं घरी करतोय, आणि ज्यात पुरेशा चुका करून झाल्या आहेत, त्यावर लिहितो. ते म्हणजे इथल्या दक्षिणेतला स्वीट टी. बिनदुधाचा, बर्फ घातलेला, गोड चहा.

नाक मुरडू नका. मीही मुरडलं होतं, ते पुढे येईलच.

आपल्याकडे चहा गार होणं ही दुर्घटना समजतात. "अरे, चहा गार होतोय!" ही हाक आली की माणसं दाढी अर्धी ठेवून बाहेर येतात. पाहुण्याला गार चहा दिला तर जमत आलेली सोयरीक मोडेल. मी मूळचा साताऱ्याचा, इंजिनिअरिंग पुण्यात, म्हणजे चार वर्षं अमृततुल्यच्या बाकड्यावर काढलेली. माझ्या डोक्यात चहा म्हणजे दूध, साखर, आलं आणि उकळी. उकळी नसेल तर तो चहाच नाही, फार तर काढा.

२०१६ साली नोकरीसाठी साउथ कॅरोलायनात, ग्रीनव्हिलला आलो. पहिल्याच आठवड्यात टीमबरोबर जेवायला गेलो आणि "टी" मागितला. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "स्वीट ऑर अनस्वीट?" मी म्हटलं, "हॉट." टेबलावर क्षणभर शांतता. मग एक कप कोमट पाणी आणि बशीत एक पिशवी आली. बाकी सगळ्यांसमोर शेरभर बर्फ घातलेले ताडमाड ग्लास, आणि ते रिकामे व्हायच्या आत पुन्हा भरून जात होते. शेजारच्या जॉर्जियात तर २००३ साली एका आमदाराने विधेयकच आणलं होतं, की चहा विकणाऱ्या प्रत्येक हॉटेलात स्वीट टी मिळालाच पाहिजे. ते एप्रिल फूल होतं म्हणे, पण अशी चेष्टा करावीशी वाटणं यातच सगळं आलं.

पुढच्या वर्षी आम्ही घर घेतलं. सामान उतरवत होतो तो जुलैचा शनिवार, तापमान ९७, म्हणजे आपले ३६ अंश, आणि हवा नुसती चिकट. पलीकडच्या घरातून एक सत्तरीच्या बाई जग आणि दोन ग्लास घेऊन आल्या. इकडे वडीलधाऱ्या बाईला पहिल्या नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, आपण 'मावशी' किंवा 'काकू' म्हणतो तसं. आम्ही घरात त्यांना 'पलीकडच्या आजी' म्हणतो, इथेही तेच म्हणतो.

आजींनी ग्लास पुढे केला. मी घामाघूम, खांद्यावर गादीचं एक टोक. मी हसून म्हटलं, "नो, थँक यू. आय ओन्ली ड्रिंक हॉट टी." सौ. आत होती. आजी "ओके, हनी" म्हणाल्या आणि जग घेऊन परत गेल्या.

मला वाटलं, आपण सभ्यपणे बोललो. संध्याकाळी सौ.ला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, दारात आलेल्या माणसाच्या हातचं पाणी परत पाठवलंस तू. साताऱ्यात कोणी असं केलं असतं तर तुझ्या आईने वर्षभर लक्षात ठेवलं असतं." मला पटलं, पण आता काय करणार? पुढची दोन वर्षं आमचं नातं गवत कापताना हात हलवण्यापुरतंच राहिलं.

दरम्यान, मनात कुठेतरी टोचत होतं म्हणून असेल, मी हा चहा घरी करून पाहिला. पहिला प्रयोग असा: पातेल्यात पाणी, त्यात आपली नेहमीची सीटीसी पावडर, पाच मिनिटं खळखळून उकळी, गाळून थेट फ्रीजमध्ये. तासाभराने काढला, वरून साखर घातली आणि ढवळत बसलो. निघालेला पदार्थ गढूळ होता, कडू होता, वरचे तीन घोट बिनसाखरेचे आणि शेवटचा नुसता पाक. एका रिलीजमध्ये इतके बग मी ऑफिसातही काढलेले नाहीत :-)

हे बग एकेक करून सोडवू.

पहिला साखरेचा. इकडे बरेच जण सांगतात की गार चहात इतकी साखर मावतच नाही, म्हणून ती गरम असताना घालतात. हे अर्धंच खरं आहे. शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यातही पावणेदोन किलोच्या वर साखर विरघळू शकते. आपण घालतो लिटरला फार तर शंभर ग्रॅम. तेव्हा जागेची अडचण नाही, अडचण वेगाची. गार पाण्यात साखर इतक्या सावकाश विरघळते की तोवर तुमचा हात दुखतो आणि ती तळाशी जाऊन बसते. गरम अर्कात तीच साखर अर्ध्या मिनिटात दिसेनाशी होते. म्हणून साखर घालायची वेळ एकच: चहा गरम असताना.

दुसरा बर्फाचा. कॉलेजात थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात जे गणित चुकलं ते इथे कामी आलं. ९० अंशाचा एक लिटर चहा ५ अंशावर आणायचा तर सुमारे ३५५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळून ५ अंशाचं पाणी होताना बरोबर तेवढीच उष्णता घेतो. म्हणजे एक लिटर उकळत्या चहाला एक किलो बर्फ, आणि हातात उरतं दोन लिटर पुचाट पाणी. तोच चहा आधी २५ अंशापर्यंत निवू दिला तर पाव किलोच्या आत बर्फात काम होतं. तात्पर्य, चहा आधी दाट करायचा, निवू द्यायचा आणि बर्फ शेवटी, ग्लासात.

तिसरा गढूळपणाचा. चहातलं कॅफीन आणि तुरट द्रव्यं गरम पाण्यात सुखाने वेगळी राहतात. चहा एकदम गार झाला की ती एकमेकांना चिकटतात आणि चहावर धुकं येतं. अर्क जितका कडक आणि गार करणं जितकं घाईचं, तितकं धुकं जास्त. चवीला फार फरक पडत नाही, पण दिसायला ओढ्याचं पाणी. सीटीसी पावडर बारीक, त्यामुळे सगळं भराभर सोडते. दुधात ते छान लागतं, इथे नडतं. आपल्याकडच्या चहांपैकी निलगिरीचा पानाचा चहा गार केला तरी स्वच्छ राहतो, अशी त्याची ख्याती आहे, आणि माझाही अनुभव तोच.

एवढा अभ्यास झाला तरी चव जमत नव्हती. ती जमली बाबांमुळे.

२०१९ च्या उन्हाळ्यात बाबा तीन महिने आले होते. बाबा एसटीच्या डेपोतून निवृत्त. इंग्रजी कामापुरतं, पण माणसांशी बोलायला त्यांना भाषा लागत नाही. मी ऑफिसला गेलो की ते मागच्या अंगणात मिरच्यांना पाणी घालत. चौथ्या-पाचव्या दिवशी मी घरी आलो तर बाबा कुंपणाशी उभे, हातात ग्लास. पलीकडे आजी आणि त्यांचे यजमान. बाबा आजोबांना ट्रॅक्टरच्या गिअरबद्दल हातवारे करून काहीतरी समजावत होते आणि आजोबा माना डोलावत होते.

मला धडकीच भरली, कारण बाबांना मधुमेह. आत आल्यावर म्हटलं, "बाबा, त्यात किती साखर असते माहितीये?"

"अर्धाच घेतला. उरलेला त्यांना सांगून ठेवला."

"पण घ्यायचाच कशाला?"

"दारात दिलेला चहा नाही म्हणतात का रे?" बाबा म्हणाले. "चहा काही खास नाही हं. पण माणसं चांगली आहेत."

दोन वर्षांपूर्वी मी काय केलं होतं ते त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मला बरोबर घेऊन गेले, आणि आजींना "माय सन. ही वाँट्स टु लर्न" असं सांगून मोकळे झाले. मी शिकायचं आहे असं कधीच म्हटलं नव्हतं. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "आय थॉट ही ओन्ली ड्रिंक्स हॉट टी." त्यांच्या लक्षात होतं.

तर आता त्यांची कृती, जशी मी त्यांच्या ओट्याशी उभं राहून लिहून घेतली तशी.

साहित्य (एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरचा जग): आइस्ड टीसाठी मिळतात त्या 'फॅमिली साइझ' चहाच्या चार पिशव्या. साध्या लहान पिशव्या असतील तर बारा ते चौदा. खाण्याचा सोडा एक छोटी चिमूट. साखर, तिच्याबद्दल खाली वेगळं लिहितो. लिंबू आणि पुदिना ऐच्छिक.

कृती: एक लिटर पाण्याला उकळी आणा आणि गॅस बंद करा. पाणी उकळायचं, चहा नाही! आपल्या हाताला सवय नसते म्हणून दोनदा सांगतोय. चिमूटभर सोडा घाला, पिशव्या सोडा आणि झाकण ठेवून सात मिनिटं थांबा. पिशव्या काढताना पिळू नका, पिळल्या की सगळा तुरटपणा खाली उतरतो. मला हे जमायला तीन खेपा लागल्या, कारण पावडर वाया घालवायची नाही हे आपल्या रक्तात आहे. आता गरम अर्कात साखर घालून विरघळेपर्यंत ढवळा. मग उरलेलं पावणेतीन लिटर साधं पाणी घाला. नळाचं चालेल, फ्रीजचं नको. जग हाताला कोमट लागेल. तो साधारण तासभर ओट्यावर निवू द्या, मग फ्रीजमध्ये. वाढताना ग्लासात बर्फ भरून वर चहा.

सोडा कशासाठी? सोड्याने चहाचा तुरटपणा कमी होतो, रंग गडद होतो आणि धुकं धरत नाही. चिमूट म्हणजे खरंच चिमूट. जास्त पडला तर चहाला साबणाची चव येते, तोही प्रयोग करून झाला आहे.

केलेला चहा एक-दोन दिवसांत संपवा. आणि बरणीत पाणी-पिशव्या घालून उन्हात ठेवायची एक पद्धत इकडे आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. उन्हात पाणी नुसतं उबदार होतं. त्यात जंतू मरत नाहीत, उलट वाढतात.

आता साखर. आजींचं माप गॅलनला दोन कप, म्हणजे ४०० ग्रॅम. लिटरला शंभराच्या वर झाली. बाजारातल्या कोलातही जवळजवळ तेवढीच असते. पाव लिटरच्या एका ग्लासात सहा चमचे. आमच्या घरात बाबांचा इतिहास, माझाही गेल्या तपासणीचा आकडा सीमारेषेवर, म्हणून आम्ही पाऊण कप घालतो. इकडे हॉटेलात 'हाफ अँड हाफ' मागता येतो, म्हणजे अर्धा गोड आणि अर्धा बिनसाखरेचा. बाबांसाठी आजी पुढे बिनसाखरेचा वेगळा जगच ठेवू लागल्या. बाबा तो बशीत ओतून प्यायचे, सवयीने, गार असूनसुद्धा.

हे पेय आलं कुठून? १९०४ साली सेंट लुइसच्या जत्रेत भारतीय चहाचा प्रचार करायला आलेल्या रिचर्ड ब्लेचिंडन नावाच्या इंग्रजाने उकाड्यामुळे गरम चहा खपेना म्हणून त्यात बर्फ घातला, अशी गोष्ट सांगतात. आपला चहा म्हणून मला ती आवडली होती, पण तिच्या पंचवीस वर्षं आधी, १८७९ च्या 'हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया' या पुस्तकात गार चहाची कृती छापलेली आहे, तीही हिरव्या चहाची. त्या काळी बर्फ आणि साखर दोन्ही महाग. तेव्हा गार गोड चहा पुढे करणं म्हणजे पाहुण्याचा मान करणं होतं. आपल्याकडे गूळ-पाण्याच्या जागी साखरेचा चहा आला तसंच काहीसं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पलीकडचे आजोबा गेले. झोपेतच. आम्ही दोघं जाऊन भेटून आलो. काय बोलायचं ते सुचलं नाही, इंग्रजीत तर अजिबातच नाही. परत आलो, आणि मी लॅपटॉप उघडून बसलो. रात्री साताऱ्याला व्हिडिओ कॉल केला, बाबांना सांगितलं. त्यांनी थोडा वेळ चष्मा पुसला. मग पहिला प्रश्न, "त्यांच्याकडे चहा कोणी नेला?"

आपल्याकडे ही पद्धत तुम्हाला माहीत आहेच. ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही. शेजारी चहा नेतात, पिठलं-भात नेतात. आई गेली तेव्हा आमच्याकडेही शेजारच्यांचाच चहा आला होता. तो कोणी आणला होता ते मला आजही आठवतं.

मी म्हटलं, "बाबा, इकडे चर्चची माणसं असतात. ती सगळं आणतात."

"ती आणतील रे. तू काय नेलंस?"

मी फोन ठेवला आणि पाणी तापत ठेवलं. साखर मोजायला लागलो तेव्हा सौ. म्हणाली, "दोन कप? अख्खे?" मी म्हटलं, "आपल्यासाठी नाहीये." तीही काही बोलली नाही. तिने शेजारच्या शेगडीवर भात टाकला.

सकाळी गेलो तर आजींच्या ओट्यावर आणि टेबलावर भांडीच भांडी. कॅसरोल, हॅम, केक. प्रत्येक भांड्याच्या तळाला टेप लावून नाव लिहिलेलं, म्हणजे परत करताना घोळ नको. आपण स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घेतो तसंच. माझ्या जगावर नाव नव्हतं. आजी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या मुलीने सांगितलं की कालपासून त्यांनी काही घेतलेलं नाही. मी ग्लासात बर्फ घातला, चहा ओतला आणि पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ग्लास घेतला आणि सावकाश सगळा संपवला.

तीन-चार आठवड्यांनी जग परत आला. रिकामा नव्हता, त्यांच्या परसातल्या झाडाचे पिकॅन होते, काठापर्यंत. भांडं रिकामं परत करायचं नाही ही त्यांच्या आईची शिकवण. आमच्या आईचीही तीच. जग देताना आजी म्हणाल्या, "साखर बरोबर होती. सोडा विसरलास. चहा गढूळ झाला होता."

खरंच विसरलो होतो.

मंडळी, करून पाहा. तुमच्या तब्येतीप्रमाणे साखर पाऊण कप घाला, नाहीतर अजिबात घालू नका. पण नवीन घरात सामान उतरवताना कुंपणापलीकडून कोणी ग्लास घेऊन आलं, तर आधी गादी खाली ठेवा आणि ग्लास घ्या. आपल्याला गरम चहा आवडतो हे नंतर सांगता येतं.

पुढच्या महिन्यात: पिकॅनची चिक्की, आणि गुळाचा पाक इकडच्या विजेच्या शेगडीवर का फसतो. कोणाचा जमत असेल तर आधी कळवा.

लोभ असावा.
आपला,
ग्रीनव्हिलकर